ताल धरणारा हात व ताल भरणारा हात

तबल्याच्या परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांस एक प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे : बंद बाज व खुला बाज ह्यांतील भेद स्पष्ट करा. ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पाठ केलेले असते. दिल्लीचा तो बंद, पूर्वेकडचा तो खुला. एकात चाटेचे काम अधिक, दुसऱ्यात लवेचे व शाईचे. एवढे लिहिले की गुण मिळतात व विद्यार्थी मोकळा होतो. परंतु पाठ केलेले उत्तर कानापर्यंत पोहोचत नाही. दुसरीकडे आपल्या शाळेतील ज्या मुलांस गिटारीचे व ड्रम-सेटाचे वेड आहे, ती मधल्या सुटीत वाद घालतात की अमुक इंग्रज वादकापेक्षा तमुक श्रेष्ठ. त्या वादातही 'तो जोरात वाजवतो' किंवा 'तो भराभर वाजवतो' ह्यापलीकडे दुसरे प्रमाण कोणी देत नाही. तबला शिकणारा विद्यार्थी व ड्रमवेडा विद्यार्थी हे एकमेकांस परके समजतात. पण दोघांच्याही हातून एकच गोष्ट सुटलेली असते. वादकाचा आवाज कसा आहे हा एक प्रश्न, आणि वादक गाण्यासाठी काय करीत आहे हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की मोठ्याने वाजवणारा तो मोठा वादक असा समज होतो.

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू, कारण त्याचे उत्तर नाशिककरांच्या कानांत लहानपणापासून आहे. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तेथे उभ्या असलेल्या कोणत्याही दिंडीकडे लक्ष देऊन पाहावे. टाळकरी अनेक असतात व ते सर्व एकच काम करतात : लय धरतात. मृदंगी बहुधा एकटा असतो. अभंगाचा चरण चालू असता तोही लय धरूनच असतो. पण चरण संपून पुन्हा धृपद येण्याच्या संधीस तो बोलांचा पूर आणतो व समेवर सर्वांस पुन्हा एकत्र आणून सोडतो. गणेशोत्सवातील मिरवणुकीत हीच विभागणी अधिक ठळक दिसते. ढोल पुष्कळ, ताशे थोडे. ढोल जमीन घालून देतो. ताशा आपल्या दोन बारीक काड्यांनी त्या जमिनीवर नक्षी काढतो. सगळे ढोल थांबवून केवळ ताशा वाजवला तर तो ऐकण्यासारखा असेल, पण त्याच्यामागून चालता येणार नाही. ह्या लेखात पहिल्या कामास मी 'धरणे' म्हणतो व दुसऱ्यास 'भरणे'. हे शब्द कोणत्या शास्त्रग्रंथातले नव्हेत, सोयीचे आहेत.

आता पहिला प्रश्न, म्हणजे आवाजाचा. तबल्याचे तोंड नीट न्याहाळले तर त्यावर तीन जागा दिसतात. काठाची पट्टी ती चाट अथवा किनार, मधला काळा गोल ती शाई, आणि दोहोंमधील मोकळी कातडी ती लव. चाटेवर बोटाचा आघात केला म्हणजे आवाज टणक व नेमका निघतो व त्वरित आवरतो. लवेवर व शाईवर हात मोकळा पडला म्हणजे नाद पसरतो व काही वेळ रेंगाळतो. दिल्लीच्या परंपरेचे मूळ पुरुष म्हणून सिद्धार खाँ ह्यांचे नाव सांगतात; काळ अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. ह्या परंपरेने तर्जनी व मध्यमा ह्या दोन बोटांचे काम मुख्य मानले, म्हणून त्यास 'दोन बोटांचा बाज' असेही म्हणतात. पेशकार व कायदे हे ह्या बाजाचे वैभव. चार-पाच बोलांचे एक लहानसे वाक्य घ्यावे, त्याच अक्षरांची उलटापालट करीत त्याचा विस्तार करावा, आणि बाहेरचे एकही अक्षर आत येऊ देऊ नये, असा त्याचा कडक नियम आहे. व्याकरण शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसास हा बाज विशेष आवडावा ह्यात नवल नाही.

ह्याच परंपरेतील मोदू खाँ व बक्षू खाँ हे लखनौस गेले. तेथे नवाबांचे राज्य, कथ्थक नृत्याची भरभराट, आणि पखवाजाचा प्रभाव. नर्तकीच्या पायातील शेकडो घुंगरांपुढे दोन बोटांचा नाजूक आवाज टिकणार कसा? म्हणून हात उघडला. सर्व बोटे, प्रसंगी पंजा, कामास लागला; पखवाजाचे घुमारेदार बोल तबल्यावर आले; गत, तुकडा, परण, चक्रदार ह्यांस महत्त्व आले. पुढे मोदू खाँचे शिष्य रामसहाय ह्यांनी बनारसची आणि बक्षू खाँचे जावई हाजी विलायत अली ह्यांनी फरुखाबादची परंपरा उभी केली. तेव्हा खुला बाज हा कोणाच्या लहरीने निघालेला नाही. ज्या जागी वाजवायचे होते त्या जागेने तो घडवला. परीक्षेच्या उत्तरात हे कारण क्वचितच लिहिलेले सापडते. ते लिहिल्यास उत्तर निश्चित उजळेल.

येथे विद्यार्थी घाईने असे अनुमान करतो की बंद बाज म्हणजे धरणारा आणि खुला बाज म्हणजे भरणारा. तसे नाही. दिल्लीचा वादक अर्धा तास कायदा वाजवतो तेव्हा तो मंद आवाजात भरतच असतो. आणि बनारसचा वादक ठुमरीच्या मागे खुल्या हाताने साधा ठेका देतो तेव्हा तो धरत असतो. आवाज हा हाताचा स्वभाव होय. धरणे किंवा भरणे हे त्या हाताने त्या घटकेस पत्करलेले कर्तव्य होय. एकाच वादकास दोन्ही कर्तव्ये करावी लागतात, आणि कोणते केव्हा हे ओळखणे ह्यातच त्याची परीक्षा असते.

ह्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रात घडले. मेरठजवळच्या घराण्यातील मुनीर खाँ मुंबईस येऊन राहिले व १९३७ साली वारले. त्यांनी अनेक गुरूंपाशी विद्या घेतली होती. त्यामुळे दिल्लीचे कायदे व पूर्वेच्या गती त्यांच्या शिष्यांस एकाच घरी शिकावयास मिळाल्या. त्यांचे भाचे अमीर हुसेन खाँ ह्यांनी १९६९ पर्यंत मुंबईत पुष्कळ शिष्य तयार केले व त्यांत मराठी मुले कितीतरी होती. पण मुनीर खाँच्या शिष्यांत ज्यांचे नाव घरोघर पोहोचले ते अहमदजान थिरकवा. जन्म मुरादाबादचा, नाव 'थिरकवा' पडले ते तबल्यावर थिरकणाऱ्या बोटांमुळे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ते तबल्याच्या साथीस राहिले. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा, आणि रंगभूमीवर बालगंधर्व, असा तो योग होता.

आता विचार करावा की ह्या मनुष्यापाशी काय नव्हते? चार घराण्यांची विद्या होती, बोटांत वीज होती, आणि समोर रोज नाट्यगृह भरलेले होते. तरीही नाटकातील पद हे गायकाचे. शब्द प्रेक्षकांस कळले पाहिजेत, भाव मुद्रेवर दिसला पाहिजे, 'वन्स मोअर' आला तर तेच पद नव्या ताज्या रंगाने पुन्हा उभे राहिले पाहिजे. थिरकवांची साथ ह्या सर्वांस धरून असे. गायक एखादी जागा घेऊन थांबला की त्या रिकाम्या मात्रांत लग्गीचे चार दाणे पडावेत व समेवर पुन्हा ठेका शांतपणे सुरू व्हावा, ही नाट्यसंगीताच्या साथीची रीत त्यांच्या हातून मराठी श्रोत्यांच्या कानांस लागली. तेच थिरकवा स्वतंत्र वादनास बसले म्हणजे पेशकारापासून गतीपर्यंत बंद व खुला असे दोन्ही हात दाखवीत. पुढे ते रामपूर दरबारी व नंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात होते; १९७० साली त्यांस पद्मभूषण मिळाले व १९७६ साली ते निवर्तले. त्यांच्या स्वतंत्र वादनाच्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकावयास मिळतात. केवळ त्या ऐकून जो थिरकवांची थोरवी मोजतो त्याने अर्धेच माप घेतले, असे माझे मत आहे.

ड्रम-सेटाच्या चाहत्यांनी आतापर्यंत धीर धरला असेल. त्यांच्या वाद्याकडे वळू. ज्यांनी ते जवळून पाहिले नाही अशा पालकांसाठी थोडे वर्णन करतो. जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा ड्रम उजव्या पायाने वाजवतात. त्याचे काम आपल्या डग्ग्यासारखे. मांड्यांच्या मध्ये स्नेअर नावाचा उथळ ड्रम. त्याच्या खालच्या बाजूस तारा ताणलेल्या असतात, म्हणून त्याचा आवाज ताशासारखा कडकडीत. डाव्या बाजूस हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणाऱ्या-उघडणाऱ्या दोन झांजा. समोर व उजवीकडे टॉम नावाचे लहानमोठे ड्रम व काही मोठ्या झांजा. चार मात्रांचे आवर्तन. साधारणपणे पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पायाचा ड्रम, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर. हाच त्या संगीताचा ठेका.

इंग्लंडात १९६० नंतरच्या दशकात जी मंडळे पुढे आली त्यांतील दोन वादक शेजारी ठेवले म्हणजे आपला भेद लख्ख दिसतो. 'रोलिंग स्टोन्स'चे चार्ली वॉट्स हे १९६३ च्या आरंभापासून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच मंडळात राहिले. मूळचे ते चित्रकामाचे शिक्षण घेतलेले, मनाने जॅझचे भक्त. त्यांचा संच लहान, बसणे ताठ, चेहरा निर्विकार. त्यांच्या हाताची एक खूण विद्यार्थ्यांनी चित्रफितीत अवश्य पाहावी : डाव्या हाताने स्नेअर वाजवण्याच्या क्षणी ते हाय-हॅटवरचा उजवा हात उचलून घेतात. त्यामुळे स्नेअरचा आघात एकटा व स्वच्छ पडतो. एक आघात न वाजवून दुसऱ्यास जागा करून द्यायची, ही युक्ती आपल्याकडच्या उत्तम ठेकेवाल्यासही ओळखीची वाटेल.

'द हू' ह्या मंडळाचे कीथ मून हे अगदी दुसऱ्या टोकाचे. हाय-हॅटचा त्यांना कंटाळा. बहुतेक वेळ ते तिला हातच लावीत नसत. टॉमांच्या रांगेवरून दोन्ही हात सारखे धावत असत, आणि गायकाने शब्द उच्चारला की त्याला लगेच उत्तर मिळे. भरणे, भरणे, आणि पुन्हा भरणे. मग त्या मंडळात ताल कोण धरी? गिटारवाले पीट टाउनसेंड आपल्या ठाशीव आघातांनी तो धरीत. म्हणजे तेथे कामांची अदलाबदल झालेली होती; काम नाहीसे झालेले नव्हते. ज्या मुलांस मूनसारखे वाजवावे असे वाटते त्यांनी आपल्या मंडळात टाउनसेंड कोण आहे हे प्रथम विचारावे. मून १९७८ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले.

आवाज व काम हे दोन वेगळे, ह्याचा पुरावा हवा असल्यास 'लेड झेपेलिन'चे जॉन बॉनम घ्यावेत. त्यांचा हात ह्या तिघांत सर्वांत जड. १९७१ सालच्या एका प्रसिद्ध मुद्रणात त्यांचा संच एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात मांडून ध्वनिग्राहक वर जिन्यात टांगले होते, जेणेकरून सबंध घर घुमावे. लवेवरच्या खुल्या बोलाचा हा मोठा भाऊच म्हणावा. कधी कधी ते काड्या बाजूस ठेवून नुसत्या हातांनीही वाजवीत. पण एवढा गडगडाट करूनही त्यांचे मुख्य काम धरण्याचे होते. मात्रा जागची हलत नसे. १९८० साली ते वारले, तेव्हा उरलेल्या तिघांनी मंडळच बंद केले. खुला हात आणि धरण्याचे काम ही जोडी अशक्य नाही हे त्यांनी सिद्ध केले.

एप्रिल १९६६ मधील एक आठवडा तर ह्या विषयाच्या अभ्यासासाठीच जणू घडला. लंडनच्या ॲबे रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात 'बीटल्स' मंडळी 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी करीत होती. ६ तारखेस एका गाण्याला आरंभ झाला, ज्यात रिंगो स्टार एकच ठेका जवळजवळ जसाच्या तसा शेवटपर्यंत वाजवतात. आवाज आटोपशीर यावा म्हणून पायाच्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबून ध्वनिग्राहक अगदी जवळ आणलेला होता. म्हणजे बंद आवाज व केवळ धरणे. ११ तारखेस जॉर्ज हॅरिसन ह्यांचे भारतीय वळणाचे गाणे निघाले व त्यासाठी अनिल भागवत ह्या तबलावादकास बोलावणे गेले. त्यांस सोळा मात्रांत वाजवण्यास सांगितले, परंतु आतील भरणा त्यांनी आपल्या मनाने करावा असे ठरले. त्या गाण्यात रिंगो ह्यांच्याकडे केवळ खंजिरी आहे. जगप्रसिद्ध वादकाने आपला संच सोडून खंजिरी धरली आणि पाहुण्याच्या तबल्यास वाट दिली. तबकडीच्या वेष्टनावर भागवत ह्यांचे नाव छापले गेले. मराठी वाचकास ते आडनाव अनोळखी वाटणार नाही. १४ तारखेस तिसरे गाणे सुरू झाले, त्यात रिंगोंचा हात एकदम सुटतो व ओळींच्या मधल्या जागा अनपेक्षित बोलांनी भरून जातात. आपले उत्तम वादन तेच असे ते स्वतः सांगत आले आहेत. एकाच माणसाची तीन रूपे नऊ दिवसांच्या आत!

पुढच्या वर्षी, १८ जून १९६७ रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे संगीतोत्सव होता. दुपारी पं. रविशंकर ह्यांची सतार झाली व तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. ते पंजाब घराण्याचे, परंतु मुंबईस वास्तव्य करून राहिलेले. त्याच दिवशी रात्री त्याच व्यासपीठावर 'द हू' वाजले, आणि अखेरीस टाउनसेंड ह्यांनी गिटार आपटून फोडली व मून ह्यांनी आपला संच लाथेने उलथून टाकला. ह्या उत्सवाचा चित्रपट १९६८ साली निघाला. त्यात दोन्ही प्रसंग आहेत. दुपारच्या प्रसंगात अल्लारखाँ बराच काळ सतारीकडे केवळ पाहत ठेका धरतात. मग सवाल-जबाब सुरू होतो व दोन लहानशा वाद्यांतून एवढे काही निघते की बसलेले हजारो श्रोते उठून उभे राहतात. तबल्यास पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या मुलांस रात्रीचा प्रसंग पाहवणार नाही. मलाही तो पाहवत नाही. पण तो राग बाजूस ठेवून मूनच्या हातांकडे पाहावे. संच उलथण्यापूर्वी ते जे वाजवतात ते खोटे नाही.

आता दोन शब्द पालकवर्गास. 'सहा महिने झाले, शिकवणीचे पैसे देतो आहोत, आणि मुलगा अजून त्रितालच वाजवतो,' अशी तक्रार कानावर येते. मग शिक्षक बदलला जातो, आणि नवा शिक्षक महिन्याभरात एक रेला व दोन तुकडे हातात देतो. घरी पाहुणे आले म्हणजे ते वाजवून दाखवता येतात. ह्याचे फळ मी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिले. आठवीतील एक मुलगी भावगीत गात होती. आवाज लहान, पण सुरेल. साथीला बसलेला मुलगा हुशार होता व हात तयार होता. मुलीने श्वास घेण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक विरामात त्याने एक तुकडा घातला. तिसऱ्या विरामानंतर तिला सम सापडेना. ती पुढच्या ओळीवर अर्धी मात्रा उशिरा आली, मग थांबली, मग डोळे पुसत आत गेली. टाळ्या मात्र तबल्यास पडल्या. त्या मुलास कोणी रागावले नाही, कारण जे चुकले ते बहुतेकांच्या ध्यानातच आले नाही. उपासनेतही जेथे दोनशे माणसे एकदम गातात तेथे ठेका जरासा हलला की मागच्या बाकांवरचे व पुढच्या बाकांवरचे गाणे दोन होतात. सहा महिने त्रिताल म्हणजे सहा महिने वाया नव्हेत. वाटल्यास मुलास ठेका वाजवावयास सांगून आपण त्यावर टाळी-काल धरून पाहावा. पाच मिनिटांनंतरही लय तीच राहिली, तर शिक्षक योग्य आहे.

विद्यार्थ्यांसाठी ऐकण्याची एक रीत सांगतो. ज्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले व पुढे आपल्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम स्थापिला, त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली उभ्या केलेल्या मंडळाच्या परीक्षांत टाळी-काल हाताने दाखवावे लागतात. ते हातांस येत असतेच, ते कानांस आले पाहिजे. विलंबित किंवा मध्य लयीतील कोणतेही त्रितालातले गायन लावावे आणि गायकाकडे मुळीच लक्ष न देता केवळ डग्गा ऐकावा. पहिल्या आठ मात्रांत तो घुमत असतो. नवव्या मात्रेवर काल येतो, आणि दहाव्या मात्रेस 'धिं'च्या जागी 'तिं' वाजताच तो घुमारा नाहीसा होतो. तेथे बोट वर करावे. चौदाव्या मात्रेस 'धिं'बरोबर डग्गा परत येतो; तेथे बोट खाली आणावे. त्यानंतर मोजून तिसऱ्या मात्रेवर सम. नंतर ड्रमचे गाणे लावून दुसऱ्या व चौथ्या मात्रेच्या स्नेअरवर तसेच बोट हलवावे. वादक भरू लागला, बोल दाट झाले व तरीही आपले बोट चुकले नाही, म्हणजे त्याने भरताना धरलेले सोडले नाही असे समजावे. बोट चुकल्यास तेच आवर्तन पुन्हा लावून ऐकावे.